कॉलरमधली जाळी

हसा तुमी, पण सोनपेठच्या रस्त्यावर कोणीतरी एकट्या बायांना मागून मानेला शॉकचं मशीन लावून लुटायलंय. माझं रोजचं स्कुटीवर जाणं, म्हणून मी जॅकेटला आतून तारेची बारीक जाळी शिवायला टाकली. करंट जाळीतच फिरतो, अंगाला लागत न्हाई. बाबूचाचा टेलरला बजावलं होतं, कॉलरमधी दुहेरी लावा.

घ्यायला गेले तर कॉलर मऊ लागली.

"चाचा, इथली जाळी?"

"काढली की ताई. काल तुमचे भाऊ येऊन सगळं जॅकेट दाबून बघून गेले. म्हणले, तिच्या मानेला टोचंल, इथली तेवढी काढा."

"आन् मला न इचारता काढली?"

"भावाचा शब्द कसा मोडू?"

आमी चौघी बहिणीच. भाऊ न्हाई आमाला.