नदीच्या तोंडावरची पट्टी

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर जीप भरायची वाट पाहत दिव्यानी बसली होती. कान मात्र मागच्या सीटवर लागले होते. तिथं भैयाजी त्यांच्या मनकर्णावहिनीपुढं रडगाणं गात होते.

"वहिनी, तलावाचं पाणी उतरलं, पण यंदा तिथल्या माह्या पट्टीत लाखोरी पेराले गाळच नाई!"

"काऊन? नदी तलावात शिरते तिथीच तर तुमची पट्टी. भांडून घेतली होती न?"

"घेतली! म्हटलं, सगळा गाळ पयले माह्याच पट्टीत पडन. पावसात माती भरून आडव्या बोऱ्याही लावल्या, पाणी थांबवाले."

"मंग?"

"निस्ती रेती बसली!"

दिव्यानीनं ओढणी तोंडात कोंबली.

"पाणी थांबलं का जड असन ते पयले खाली बसते, भाऊजी. बारीक गाळ पुढं माह्या पट्टीत आला."

"हासू नका जी."

"हासून नाई राह्यली. चांगला वीतभर आला."

"लाखोरी नाई तं कुटार नाई. बैलं काय खातीन? अर्धी पट्टी मले पेराले द्या, वहिनी."

जीप सुरू झाली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "देतो. पण तुमची रेती मी नेईन."

"रेती? काहाले?"

"घराच्या भिंती पलस्तराबिगर उभ्या हायेत माह्या."

"न्या, सगळी न्या!"

"अन् पुढच्या पावसातही बोऱ्या लावजा."

"आता काऊन?"

"न्हाणीघर बाकी हाय न माहं."