तात्यांनी पूजलेला चष्मा

मंडळी, ऐका! गेलेल्या माणसाची वस्तू छातीशी धरली, तर माणूस जवळ येतं का? हो म्हणायची घाई नको. आधी रंगनाथतात्यांना भेटा.

तात्यांची बायको चांगुणा. एक्केचाळीस वर्षांचा संसार करून गेली बिचारी. तेराव्याचे पाहुणे पांगले आणि फळीवर तात्यांना काय सापडलं? चष्मा! झालं! चांगुणेच्या फोटोपुढं चष्म्याला पाट आला, फूल आलं, उदबत्ती आली. रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं काचा पुसायच्या. चहाची कपबशी मात्र सुनेनं विसळायची, बरं का!

कधी तात्या तो चष्मा स्वतः लावत. सगळं धूसर! मग गहिवरून म्हणत, “असं दिसायचं गं तुला? तरीच आमटीत मीठ जास्त पडायचं!” आणि खरं सांगतो, तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

वर्षश्राद्ध आलं. चांगुणेची धाकटी बहीण सोनाबाई आली. फोटोला नमस्कार करायला वाकली, ती तशीच थांबली.

“दाजी, हा माझा चष्मा!”

“काहीतरीच! चांगुणेचा आहे.”

“अक्कानं जन्मात चष्मा लावला नाही! तेराव्याला रडताना मी काढून ठेवला, तो इथंच राहिला. वर्षभर सुईत दोरा ओवायला शेजारणीकडं जाते मी! आणि तुम्ही त्याला हळदकुंकू वाहताय?”

तात्यांनी चष्मा मुठीत घट्ट धरला. “राहू दे गं सोने. सवय झालीय.”

“वर्षात चष्म्याची झाली! एक्केचाळीस वर्षांत अक्काच्या तोंडाची नाही झाली? समोर फोटो आहे, दाजी. त्यात दिसतोय का चष्मा?”

नव्हता हो! वर्षभर उदबत्ती ओवाळली, पण त्या फोटोत काय आहे ते बघितलंच नव्हतं. तात्या पुढं सरकले. डाव्या भुवईवर एक व्रण होता.

“हे... हे कशानं झालं होतं?”

“तुम्ही विचारलं नाही कधी?”

तात्यांची मूठ सुटली. सोनाबाईनं चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. तात्या वर्षात पहिल्यांदा हुंदके देऊन रडले, आणि मेहुणीला म्हणाले, “बस. सांग मला. कशी होती ती?”

हसलात? हसा. आता पुरुष मंडळींनी माना सरळ ठेवायच्या! बायका पलीकडं बसल्यात, तिकडं वळायचं नाही. सांगा, तुमच्या घरधनिणीनं आज कोणत्या रंगाचं लुगडं नेसलंय?

अहो टाळकरी, टाळ कशाला वाजवताय? तुम्हालाच विचारतोय!