कावडीतला धोंडा

(नळदुर्ग, १९६१. सकाळ. जैनोद्दीन मास्तरांच्या अंगणात हरिबा पाणक्या कावड उतरवतो आहे.)

जैनोद्दीन : एका बाजूला घागर आणि दुसऱ्या बाजूला धोंडा? हे काय आणलंस हरिबा?

हरिबा : तोल, मास्तर. दुसरी घागर आमची गजरा घिऊन गेली.

जैनोद्दीन : कुठं?

हरिबा : कोपऱ्यावरच्या नव्या नळावर. म्हणली, तुमच्या खांद्याची वाट कुठवर बघू.

जैनोद्दीन : पाणक्याची बायको नळावर?

हरिबा : पयल्या दिवशी नारळ बी तिनंच फोडला.

जैनोद्दीन : असो. ती नळाचं पाणी सोडायची नोकरी? सोमवारी कचेरीत बोलावलं होतं ना तुला, अंगठा द्यायला?

हरिबा : बोलावलं हुतं. न्हाय गेलो.

जैनोद्दीन : या खुदा. का?

हरिबा : तुमीच सांगितलं की. तुमच्या किताबातला त्यो चिनी बुवा. धावू नगं, पाण्यावानी ऱ्हा, तुजं आसंल ते आपसूक येतंय.

जैनोद्दीन : अरे, ते मन शांत ठेवायला सांगितलं होतं.

हरिबा : ठिवलं की. दिसभर लिंबाखाली बसलो. तीस वर्सांत पयल्यांदा खांदा रिकामा. लई ग्वाड वाटलं. सांजच्याला कळलं, जागा रेवणसिद्धाला दिली.

जैनोद्दीन : त्यानं कधी घागर तरी उचललीय?

हरिबा : न्हाय. पर धावत गेला हुता.

जैनोद्दीन : माझीच चूक झाली.

हरिबा : बुवा काय खोटं बोलला न्हाय. पाणी खाली जातं, म्हणून ते शहाणं, म्हणतो. पर मास्तर, ते खाली जातं म्हणूनच म्या तीस वर्सं वर आणत हुतो.

जैनोद्दीन : हे त्याला कोणी विचारलं नसावं.

हरिबा : तुमाला तरी गुण आला का त्याचा?

जैनोद्दीन : हैदराबाद मोडलं, उर्दू शाळा मोडली. नोकरीसाठी सतरा अर्ज केले. मराठीच्या परीक्षेत तीनदा नापास झालो. मग किताब उघडला आणि धावायचं सोडलं.

हरिबा : मंग आपसूक काय आलं?

जैनोद्दीन : तू. रोज सकाळी.

हरिबा : बरं, बसल्यावर फुडं काय करायचं? ते लिवलंय का?

जैनोद्दीन : पुढची पानं वाळवीनं खाल्ली.

हरिबा : म्हंजी वाळवीला ठावं हाय.

जैनोद्दीन : हरिबा, एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी माझ्या दारात नळ येतोय.

हरिबा : तुमी अर्ज केला?

जैनोद्दीन : नाही. कचेरीतला माणूस आला, नाव लिहून गेला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. किताबाप्रमाणं.

हरिबा : तुमचंच घर उरलं हुतं, मास्तर.

जैनोद्दीन : ठाऊक आहे. तरी येत जा. चहा घेऊ दोघं.

हरिबा : येईन की. पर रिकाम्या खांद्यानं चालाया जमत न्हाय. दोन्ही बाजूला धोंडे घालून येतो.