एर्न ट्रेगिअरची सरळ किक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड प्रोबर्ट, लीगचे प्रतिनिधी श्री. किनेन, सत्कारमूर्ती एर्न ट्रेगिअर, भावाला न्यायला पर्थहून आलेल्या त्याच्या भगिनी थेल्माबाई आणि मुंडारा फुटबॉल क्लबच्या बंधुभगिनींनो,

एकोणीसशे शेहेचाळीसच्या संघाचा कप्तान म्हणून मला दोन शब्द बोलायचे आहेत. टाइप केलेलं भाषण तयार होतं. ते घरीच ठेवून आलोय. सोमवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, सांभाळून घ्या.

युद्धाआधीचा एर्न तुम्हाला आठवतो? समोरून चाळीस यार्डांवरून मारायचा आणि चेंडू उडायच्या आधीच पाठ फिरवायचा. मग सिंगापूर पडलं. साडेतीन वर्षं जपान्यांचा कैदी. परत आला तेव्हा जर्सी खुंटीवर अडकवल्यासारखी दिसायची. तरी खेळला. पण कडेकडेने, अवघड कोनांतून, मान वाकडी करून. गोल व्हायचे, आणि आपण म्हणायचो, काय नखरे करतोय लेकाचा!

शेहेचाळीसचा अंतिम सामना. आपण पाच गुणांनी मागे. एर्नने चेंडू झेलला आणि शेवटची घंटा झाली. नियमाप्रमाणे किक त्याची. अंतर तीस यार्ड, अगदी समोरून. मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, आणि चषक आपला. तो माझ्याकडे वळला.

"रॉय, खांब कुठे आहेत?"

मी हसलो. "काल होते तिथेच! मार आता, गाव थांबलंय."

चेंडू मधले खांब सोडून कडेच्या खांबांतून गेला. एक गुण. चार गुणांनी हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत मी सगळ्यांसमोर विचारलं, "किती पैसे घेतलेस त्यांच्याकडून?" तो बुटाची नाडी सोडत राहिला. 'सरळ्या' हे नाव मीच पाडलं. पबमध्ये त्याच्याशेजारचं स्टूल रिकामं राहू लागलं. त्यानंतर तो कधी खेळला नाही. पण बारा वर्षं आपल्या खेळाडूंच्या पोटऱ्या चोळल्या, चिखलाच्या जर्सी धुतल्या. 'सरळ्या, टॉवेल आण' म्हटलं की आणायचा.

सोमवारी माझं भाषण त्याला दाखवायला त्याच्या घरी नेलं. त्याने कागद धरला आणि तोंड खिडकीकडे फिरवून, कडेकडेने वाचू लागला. मी म्हटलं, "हा काय नवीन नखरा?"

थेल्माबाई चहा ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही? छावणीत नुसत्या भातावर राहून त्याचे डोळे गेले. कडेचं दिसतं. समोरचं, मधलं, काही म्हणजे काही दिसत नाही. नुसता राखाडी डाग."

मंडळी, समोरून! अगदी समोरून मारायला लावलं होतं आपण त्याला!

"अरे एर्न, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर खेळवलं असतंस?"

"नाही."

"मग अठरावा गडी कुठून आणला असतास?"

आपले सात जण युद्धावरून परत आले नव्हते. अठरा जणांचा संघ पुरा झाला नसता तर लीगने क्लबचं नाव त्याच वर्षी काढलं असतं, हे किनेनसाहेबही सांगतील. हे सभागृह, हे बाक, महिला मंडळाने मांडलेला हा फराळ, यातलं काही उभं राहिलं नसतं.

"आणि नंतर? मी नाही नाही ते बोललो, तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर तुला सबब वाटली असती."

खरं आहे. वाटली असती.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत, आभारी आहे. थेल्माबाई, तुम्ही बोललात, तुमचे तर फार आभार. भाषणात उणं-अधिक झालं असेल तर सभेची माफी मागायची रीत आहे. पण एर्न, मला ती तुझी मागायची आहे. भाषणाची नव्हे, बारा वर्षांची. थांब, मान वळवू नकोस. मीच इकडे, तुझ्या डाव्या बाजूला येतो.

आता दिसतोय?