पोलिश व्होडकेचे थर

आमच्या ह्यांना ऑफिसातल्या पोलिश इंजिनियरनं थरांची व्होडका शिकवली होती. खाली लाल सरबत, वर चमच्यावरून अलगद सोडलेली व्होडका. लगेच आखातातल्या आमच्या मदिनत खलीफातल्या घरी तिघा मित्रांना आमंत्रण!

ह्यांनी श्वास रोखून ग्लास भरले. आपल्यात आग्रहाला पहिल्यांदा हो म्हणतं कोण? जोशी म्हणाले, "एवढी नको हो, अर्धी काढा." बाकीच्या दोघांचंही तेच. परमिटवर मोजून मिळणारी बाटली, टाकवेना. ह्यांनी तिघांचाही वरचा थर आपल्याच ग्लासात ओतून घेतला.

उरलेलं सरबत पिऊन जोशी भिंत धरत उठले. "यल्ला, निघतो. काय कडक असते हो पोलंडची!"

दारापर्यंत पोचवायला मी एकटीच गेले. हे कोचावरून उठतील तर शपथ!