बाकावरचा साक्षीदार

— नाही नाही, चहा नंतर, आधी सही. एवढं काय मागतोय मी? आत दोन पोरं लग्नासाठी ताटकळत उभी आहेत, त्यांचा एक साक्षीदार ऐनवेळी गायब, फोन उचलत नाही — आणि तुम्ही इथे दाराशी रिकामेच बसलायत. आत या, सही करा, परत बाकावर येऊन बसा. मी काही उठवत नाहीये तुम्हाला! निकालावर अपील केलंयत, वकिलाने सांगितलं असणार, रोज हजर राहा, नाहीतर उद्या म्हणतील गडी कामावरच नव्हता, पगार कसला. मला कोण शिकवतंय? दोन वर्षं याच बाकावर झिजलोय मी. आधीच्या वरिष्ठांनी मला नेमलं, त्यांची बदली झाली, नव्यांनी तुम्हाला नेमलं — विवाह नोंदणी अधिकारी एक आणि हुकूम दोन! तेव्हा खुर्ची तुम्हाला, बाक मला, आणि पगार? तो कोणाचा ते ठरेपर्यंत अडकवून ठेवला. बसा दोघं बोंबलत.

बोला ना काहीतरी. मनात म्हणत असाल, राबलो मी आणि पगार खाणार हा. म्हणा! कोर्ट काय म्हणालं? तुम्ही लावलेली लग्नं कायदेशीर, तुमच्या सह्या चालतील — पण पद माझं, आणि पद ज्याचं त्याचा पगार. मी नाही म्हणालो, कोर्ट म्हणालं. तुम्हाला वाटत असेल, आता हा निवांत झोपत असेल — कसली झोप! दोन वर्षं मेहुण्याच्या घरी जेवलोय. बोलायचा नाही काही, नुसतं ताट पुढे सरकवायचा, पण ते सरकवणं — जाऊ दे. बायकोने दर महिन्याला भावापुढे हात पसरायचा आणि मी ऐटीत डबा घेऊन निघायचो, ऑफिसला, म्हणजे या बाकाला! पैसे हातात पडू देत, पहिले त्याच्या तोंडावर फेकतो. तुमच्याही घरी सोन्याचा धूर निघत नव्हता, ठाऊक आहे मला, वहिनी लोकांचे कपडे शिवायच्या. तरी तुम्ही चहा मागवलात की एक कप बाहेर यायचा. राग यायचा मला त्या चहाचा. प्यायचो, पण राग यायचा.

चला, उठा. ती पोरगी सारखी दाराकडे बघतेय — आज लग्न लागलं नाही तर बाप येऊन घेऊन जाईल तिला. काय? वकील म्हणाला, कशावरही सही करू नका? का म्हणे? — अच्छा, कळलं! माझ्यापुढे साक्षीदार म्हणून सही केलीत, तर मीच इथला अधिकारी हे तुम्ही मान्य केल्यासारखं होतं. छ्या! एवढ्याने केस बुडते होय? मग माझी केव्हाच बुडाली असती! तुम्ही आत लग्नं लावायचात, तेव्हा साक्षीदार कमी पडला की तुमचा शिपाई हाक कोणाला मारायचा? मलाच ना! बाहेर बसलाय रिकामा, बोलवा त्याला. किती जणांच्या लग्नाला उभा राहिलोय मी, तुमच्यासमोर, सह्या करून — बसून बसून कंटाळायचो हो, आणि आत पंखा असायचा, माणसं हसत असायची, मलाही कोणी नमस्कार करायचं. कोर्टात शपथेवर सांगून आलो, हा माणूस अधिकारी नव्हेच, आणि इथे तुमच्याचपुढे — पण तुमच्या वकिलाने काढलंच नाही ते, म्हणजे त्यात काही दम नसणार. ठाऊक असेलच ना त्याला? तुम्ही सांगितलं असेल.

असे काय बघताय?

नव्हतं सांगितलं?

— अहो, निघालात कुठे? वकिलाकडे? पिशवी राहिली तुमची. बसा हो, बोलायच्या ओघात आपलं काहीतरी — अर्धा पगार घ्या! खरंच सांगतो, अर्धा तुमचा, काम तुम्हीच केलंत, मी कुठे नाही म्हणतोय — अहो, मेहुण्याला मी काय तोंड दाखवू? थांबा! साहेब! साहेब, ऐका तरी!

…

काय रे पोरांनो, काय बघताय दोघं? साक्षीदार गेले. जा, उद्या या. — उद्या इथे साहेब कोण असेल, ते मला काय विचारता?