हातभर वड आणि सोसायटीचे नवरे

…आणि माझ्याच झाडाची फांदी छाटायला मी परवानगी कुणाची घ्यायची म्हणता? तळमजल्यावरच्या संस्कृतीची! "रावजीकाका, कात्री खाली ठेवा आधी! ती फांदी आमच्या निलेशची आहे!" अगो, निलेशची कशी? तुझा नवरा जन्मायच्या आधीपासून मी त्या वडाला पाणी घालतोय! हातभर झाड हो ते… हातभर!

तुम्हाला सांगतो, बोन्साय म्हणजे काय गंमत नाही. पावसाच्या आधी त्याचं सगळं आवरावं लागतं. जुनी पानं देठ ठेवून एकेक कातरा, खोडावरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं काढा, फांद्यांना गुंडाळलेली तार सोडवा नाहीतर सालीत रुतते, कुंडीतून उचलून मुळं छाटा, कापल्या जागी आंब्याला लावतात तो बोर्डोचा लेप लावा… आणि मग महिनाभर बाळंतिणीसारखं जपा! ह्या पानांपायी मी हिच्या भाचीच्या लग्नाला अंजनवेलीला गेलो नाही. ही एकटी गेली. ती गेल्यावर गच्चीत ऊन लागायला लागलं, म्हणून तिचीच साडी बांधली झाडाला सावलीला. ही परत आल्यावर बोलली का काही? एक अक्षर नाही! मला वाटलं, काय समजूतदार बायको मिळाली!

आणि आली वटपौर्णिमा. नाक्यावरचा वड रस्ता रुंद करताना गेला, तेव्हापासून बायका बाजारातनं फांदी आणून पूजा करायच्या. तर ह्या वर्षी संस्कृतीला पर्यावरण आठवलं! "फांदी तोडून पूजा म्हणजे पाप हो! आणि वर काकांकडे अख्खा वड आहे की!" झालं! आंबे, फणसाचे गरे, तांब्याभांडी घेऊन अख्खी सोसायटी गच्चीत! कुंडी स्टुलावर आणि स्टुलाभोवती ह्या गरगर गरगर! दूध काय ओततायत, साखर काय, हळदकुंकू काय… मी ओरडतोय, "अगो, मुळं ताजी छाटलीत त्याची!" ऐकतंय कोण? आणि दोरा! खोड मनगटाएवढं, एवढ्या जणींचा दोरा मावायचा कुठं? तर ह्यांनी तोडगा काढला. एकेकीनं एकेक फांदी धरली आणि त्यावरच गुंडाळला. जिचा तिचा नवरा, जिची तिची फांदी! हातभर झाड हो ते!

पुढं व्हायचं तेच झालं. खालची एक फांदी काळी पडली. वर दोरा करकचून आवळलेला, आत दूध आंबलेलं, त्याला मुंग्या. कूज खोडाकडं सरकायला लागली. फांदी कापली नाही तर झाडच जाणार! निम्मं आयुष्य घातलंय हो मी त्यात… म्हणून कात्री उचलली, तर गच्चीत मोर्चा! संस्कृती पुढं, मागं बाकीच्या, आणि त्यांच्या मागं निलेश, ऑफिसला दांडी मारून, बीपीची गोळी खाऊन! "काका, नीट बघा हां! घाई करू नका!" नीट बघितलं. निलेशची तिच्या वरची निघाली, हिरवीगार. निलेश तिथंच खाली बसला आणि पाणी मागितलं त्यानं!

मग ही कुणाची? एकजण हो म्हणेल तर शपथ! "आमचे ते डावीकडचे." "आमचे शेंड्याला आहेत." कुजका नवरा कुणालाच नको!

तेवढ्यात जिन्यातनं आवाज आला, "माझी आहे ती."

आमची ही, तुळसा! म्हटलं, आता ही डोळ्याला पदर लावणार, म्हणणार, मरू दे मेलं ते झाड, पण ह्या फांदीला हात लावू नका! आणि खरं सांगू? मला तेच ऐकायचं होतं हो. गेलं असतं झाड, तरी चाललं असतं…

"थांबा!" ही ओरडली.

जीव भांड्यात पडला माझा! ही पुढं आली, माझ्या हातातनं कात्री घेतली, स्पिरिटच्या बोळ्यानं दोन्ही पाती स्वच्छ पुसली… आणि परत माझ्या हातात दिली. "पार बुडातनं घ्या," म्हणाली, "जराशी जरी ठेवलीत ना, तर ह्यांच्या चांगल्या नवऱ्यांना लागेल."

काय करणार… माझी मीच कापली.